गावच्या कृषी पर्यटनाचा पैसा कुणाच्या पदरात पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात पर्यटन सुरू करायचं ठरलं की पहिल्या बैठकीत खोल्या किती, स्वच्छतागृहं किती, फलक कुठे लावायचा एवढंच बोलणं होतं. पैशाच्या वाटणीचा विषय पहिल्या मोठ्या सुट्टीनंतर निघतो, आणि तोवर कुणीतरी रुसलेलं असतं. शेतकरी, बचत गटातल्या ताई, सरपंच, शहरातले पाहुणे यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कृषी पर्यटन, ग्रामीण पर्यटन आणि सामुदायिक पर्यटन म्हणजे एकच ना?

नाही, आणि पैशाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. कृषी पर्यटनात पाहुणा शेतावर येतो. शेत, गोठा, राहायची खोली बहुतेक वेळा एकाच कुटुंबाची असते, म्हणून मिळकतही त्या कुटुंबाची. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास जो प्रयोग सुरू केला, त्यातून राज्यभर पसरलेली बहुतेक केंद्रं या प्रकारची आहेत. ग्रामीण पर्यटन हा सैल शब्द आहे. गावातलं देऊळ, बाजार, जत्रा, किल्ला, सगळं त्यात बसतं.

सामुदायिक पर्यटनात पाहुणा एका घराचा नसतो, गावाचा असतो. दर गावाने ठरवलेला असतो, घरं पाळीने पाहुणे घेतात, आणि प्रत्येक बुकिंगमधला काही भाग गावनिधीत जातो. अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी याचं महाराष्ट्रातलं ओळखीचं उदाहरण. तिथे पाहुणे गावातल्या घरांमध्ये वाटून जातात. फलकावर 'सामुदायिक' लिहिलेलं असलं तरी दर कोण ठरवतं आणि हिशेबाची वही कोण पाहू शकतं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो शब्द मान्य करू नका.

२. पाहुण्याने दिलेल्या हजार रुपयांतले गावात नेमके किती राहतात?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. याचा एकच आकडा देता येत नाही, पण हिशेब कसा मांडायचा ते दाखवता येतं. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे तुम्ही घाला.

पहिलं केंद्र रस्त्यालगत आहे. बुकिंग ॲपवरून येतं, त्याचं कमिशन १५० रुपये. पनीर, रिफाइंड तेल, तयार मसाले, बाटलीबंद पाणी, थंड पेयं तालुक्याच्या घाऊक दुकानातून येतात, ते २५०. आचारी शहरातून आणलेला, त्याचे १००. खोल्या बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता १५०. म्हणजे ६५० रुपये पाहुण्याच्या मागोमाग गावाबाहेर गेले. उरलेल्या ३५० मधले साधारण २५० मालकाचे आणि १०० झाडलोट करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांचे.

दुसरं गाव थेट फोनवर बुकिंग घेतं. तेल, साखर, चहापत्ती एवढंच बाहेरून, १२० रुपये. वीज, गॅस, डागडुजी १००. तांदूळ, नाचणी, भाजी, दूध, अंडी गावातल्याच चार-पाच घरांकडून, २३०. स्वयंपाक आणि साफसफाईची मजुरी २००, वाटाड्याला १००, गावनिधीत ५०, घरमालकाला २००. इथे ७८० रुपये गावात राहिले आणि ते किमान सात-आठ घरांत गेले.

घरमालकाच्या हातात दुसऱ्या गावात ५० रुपये कमीच आले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ते कुणी आणि का सोसायचे, याचं उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे. पण मधलं अंतर बघा. खोली दोन्हीकडे सारखीच असेल. सर्वांत मोठा फरक पडला तो खरेदीमुळे. गावाला कशाचा सर्वांत जास्त लाभ होतो असं विचारलंत, तर माझं उत्तर ठाम आहे: स्वयंपाकघरातल्या सामानाची यादी कुठे भरली जाते त्याचा.

३. शेतकऱ्याला खोलीभाड्यातून जास्त मिळतं की मालाच्या विक्रीतून?

सुरुवातीला सगळे खोल्यांकडे बघतात, कारण त्या डोळ्यांना दिसतात. पण खोलीला कर्ज लागतं, आणि आठवड्यातले पाच दिवस ती रिकामी असते. मालाचं तसं नाही. शेंगदाणे, हळद, गूळ, तांदूळ, आमसुलं, लोणचं पाहुण्याच्या पिशवीत पडतं तेव्हा मधला व्यापारी, हमाली, तोलाई, वाहतूक यांतलं काहीच कापलं जात नाही. आणि एकदा चव लागलेला पाहुणा वर्षभर मागवत राहतो.

ज्यांच्याकडे बाजारात सहज न मिळणारा माल आहे, त्यांना हे अधिक जमतं. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या भागातला काळभात, वरई, वालाच्या घेवड्याचे प्रकार यांची ओळख शहरापर्यंत गेली. असा तांदूळ ताटात वाढला आणि शेजारी किलोची पिशवी ठेवली, तर ती विकायला बोलावं लागत नाही.

भिलारही पाहण्यासारखं आहे. महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीला २५ ठिकाणी, त्यातली बरीचशी गावकऱ्यांची राहती घरं, वाचकांसाठी पुस्तकं ठेवली गेली. पुस्तक वाचायला पैसे पडत नाहीत, पण माणूस घरात येऊन बसतो. मग जेवण, मुक्काम, स्ट्रॉबेरी हे सगळं त्या उंबऱ्यावरून सुरू होऊ शकतं.

४. आमच्याकडे जमीनच नाही. आम्हाला यातून काय मिळणार?

आपोआप काहीच मिळत नाही. हे कडू आहे, पण आधीच सांगितलेलं बरं. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात नोंदणीसाठी शेतजमीन लागते, किमान एक एकर. म्हणजे नोंदणी आणि तिच्यासोबतच्या सवलती जमीनवाल्याच्या नावावर होतात, आणि भूमिहीन कुटुंब मजुरीपुरतं उरतं.

तरीही वाटा आहेत. हुरड्याचं उदाहरण घेऊ. डिसेंबर ते फेब्रुवारीत सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या पट्ट्यात सुरती किंवा गूळभेंडी ज्वारीचा हुरडा भाजायला आगटी पेटते. आगटीला गोवऱ्या लागतात, कणसं चोळायला सराईत हात लागतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, बोरं, दही, उसाचा रस लागतो. गोवऱ्या थापणारी बाई, रसाची घाणी चालवणारा, बैलगाडीवाला, टोपल्या विणणारं बुरुड कुटुंब, संध्याकाळचं भजनी मंडळ, या सगळ्यांचा यात हक्काचा भाग होऊ शकतो. अट एकच. त्यांचा दर आधी ठरलेला हवा. 'पाहुणे खूश होऊन काहीतरी देतील' हा दर नव्हे.

आणखी एक. स्वतःचं नीट घर असेल तर पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत शेतजमिनीची गरज नसते. कोकणात अनेक घरं अशीच चालतात. आणि जमीन नसलेल्या बायकांच्या गटालाही पर्यटनाचा धंदा स्वतःच्या मालकीने चालवता येतो. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत महिला बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. तिथे सातबारा लागत नाही. खाडीची माहिती आणि होडी वल्हवण्याची हिंमत लागते.

५. स्वयंपाक, झाडलोट, पाहुणचार सगळं आम्ही बायका करतो. पैसे मात्र घरधन्याच्या खात्यात जातात. हे असंच चालायचं का?

नाही. आणि हा प्रश्न ज्या ताईंनी पाठवला त्यांनी नाव लिहिलं नव्हतं, यातच पुष्कळ काही आलं.

पाहुणे परत येतात ते भाकरी, ठेचा, स्वच्छ अंथरूण आणि आपुलकीचं बोलणं यांसाठी. हे सगळं काम घरच्या बाईचं. पण पहाटे चारला उठून तिने केलेले चार तास वहीत कुठेच दिसत नाहीत, कारण 'घरचंच तर आहे'. म्हणून केंद्र फायद्यात आहे असं दिसतं. तिची मजुरी खर्चात धरली, तर कित्येक केंद्रं तोट्यात निघतील. मी ज्या ज्या घरी हिशेब मांडायला बसलो, तिथे ही एक ओळ वाढवल्यावर बैठकीतला सूर बदलला.

करण्यासारख्या गोष्टी अशा. स्वयंपाकाची मजुरी दर ताटामागे ठरवा आणि ती बाईच्या स्वतःच्या खात्यात थेट जमा करा. पैसे भरायचा क्यूआर कोड तिच्या खात्याचा असू द्या. एवढ्या लहान बदलाने बराच फरक पडतो. पाहुणे जास्त असतील तर मदतीला दुसरी बाई पगारी बोलवा, सुनेला दुप्पट राबवू नका.

मालकीचा प्रश्न याहून खोल आहे. सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना राज्यात १९९२ पासून आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्यासाठी गावोगाव मोहीम केली होती. नाव लागलं असेल तर नोंदणी आणि कर्ज दोन्ही तिच्या नावाने सोपं होतं. राज्याच्या २०२३ च्या 'आई' महिला पर्यटन धोरणात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परतावा मिळतो. मात्र फक्त कागदावर बायकोचं नाव आणि व्यवहार नवऱ्याचा, असं करू नका. कर्ज थकलं तर नोटीस तिच्या नावाने येते.

६. पाळीपद्धत ठरवली, पण ज्याचं घर चांगलं तो म्हणतो पाहुणे मलाच मागतात. काय करावं?

पाळी मोडते ती इथेच. चांगल्या घराचं म्हणणं खोटं नसतं. त्याने संडास बांधला, पंखा लावला, फरशी घातली. पण पाहुणा गावात आला तो एका घरासाठी नव्हे. ओढा, रान, काजवे, देऊळ, पायवाट हे सगळ्यांचं आहे, आणि ते राखण्याचं कामही सगळ्यांचं. प्रश्न २ मधले ते ५० रुपये घरमालक सोडतो ते याच कारणाने. ओढ्यात प्लास्टिक दिसायला लागलं, तर फरशीचं घरही रिकामं पडतं.

म्हणून पाळी राखा, पण घरांचे दोन दर ठेवा. सुधारलेल्या घराला जास्त दर, साध्याला कमी, क्रम मात्र सगळ्यांना सारखा. गावनिधीतून दरवर्षी दोन-तीन साध्या घरांना संडास-बाथरूमसाठी बिनव्याजी उचल द्या, म्हणजे पाळीच्या यादीतली घरं हळूहळू सुधारतात.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण बैठकीत ती कुणी काढत नाही. यादीत दलित वस्तीतली, आदिवासी पाड्यावरची घरं आहेत का, ते तपासा. 'तिकडे रस्ता नाही', 'त्यांच्याकडे जागा कमी' अशी कारणं ऐकू येतात. कधी ती खरी असतात, पण कितीतरी वेळा पाहुण्याच्या ताटाआड जुना भेद लपलेला असतो. गावातली काही घरं पाहुण्यांना जेवू घालू शकत नाहीत असं ज्या गावात मानलं जातं, त्या गावाने स्वतःच्या पर्यटनाला सामुदायिक म्हणू नये. पाहुण्यानेही एक जेवण वस्तीवर घ्यायचं असं मागितलं तर खूप सोपं होतं.

७. गावनिधी आणि ग्रामपंचायत एकच का? निधी कुणी सांभाळायचा?

एकच नव्हे. ग्रामपंचायतीला मालमत्ताकर मिळतो. तो तिचा हक्क आहे आणि तो सरकारी नियमाने खर्च होतो. गावनिधी हा पाहुण्यांकडून आलेल्या पैशांतला गावाने स्वतः बाजूला ठेवलेला भाग. तो पर्यटन समितीच्या वेगळ्या बँक खात्यात, किमान दोघांच्या सहीने चालवावा, आणि त्यातली एक सही बाईची असावी. निधी सरपंचाच्या घरच्या खात्यात असला तर निवडणुकीनंतर तो सापडत नाही. वर्षातून दोनदा जमाखर्च चावडीवर किंवा देवळात मोठ्याने वाचा. कागद चिकटवणं पुरेसं नाही, सगळ्यांना वाचता येत नाही.

८. पुण्या-मुंबईचा माणूस आमच्या गावात जमीन घेऊन 'ॲग्रो टुरिझम' काढतो. त्यातून गावाला फायदा होतो का?

थोडा होतो. जमीन विकणाऱ्याला एकदाच पैसे मिळतात, बांधकामाच्या वेळी मजुरी मिळते, नंतर राखणदार आणि माळी म्हणून दोन-चार नोकऱ्या. सर्वांत जास्त दुखतं ते जमीन विकणाऱ्याच्याच मुलाला त्याच बांधावर पहारेकरी म्हणून उभं राहावं लागतं तेव्हा.

कायद्याचं सांगायचं तर महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला साधारणपणे खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकणं, गहाण ठेवणं किंवा भाडेपट्ट्याने देणंसुद्धा जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार परवानगीशिवाय चालत नाही. अकोले, जव्हार, मोखाडा भागातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. 'नुसता करार करू, विक्री नाही' असं म्हणत कुणी आला, तरी भाडेपट्टा त्या कलमात येतोच. सही करण्याआधी तलाठी आणि वकील दोघांना कागद दाखवा.

जमीन न विकता भागीदारी करायची असेल तर जमीन, मजुरी आणि भांडवल यांना वेगवेगळे वाटे लिहून घ्या. 'नफ्यात अर्धा-अर्धा' हा शब्द फसवा आहे, कारण नफा किती हे वही लिहिणारा ठरवतो. जमलेल्या रकमेवर टक्केवारी ठरवा.

९. सरकारी नोंदणी केली नाही तर चालत नाही का?

बरेच जण तसंच चालवतात. पण पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्र असेल तर बँकेपुढे आणि शाळांच्या सहलींपुढे उभं राहायला आधार मिळतो. वैयक्तिक शेतकऱ्याबरोबर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं, कृषी महाविद्यालयं यांनाही नोंदणी करता येते. गावाने एकत्र यायचं ठरवलं असेल तर सहकारी संस्थेचा मार्ग मला जास्त पटतो. भूमिहीन सभासद कसा जोडता येईल, हे पोटनियम लिहितानाच बघा.

१०. ॲपवर टाकलं तर गर्दी वाढते, पण कमिशन जातं. टाकावं का?

पहिलं वर्ष टाका, ओळख होते. १५ टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन ही तिथली नेहमीची गोष्ट, म्हणून दर ठरवतानाच ती धरा. मात्र आलेल्या प्रत्येक पाहुण्याला निघताना गावाचा फोन क्रमांक द्या आणि पुढच्या वेळी थेट बोला म्हणून सांगा. शहरातल्या ओळखीच्या 'एजंट'ला गाव एकहाती देऊ नका. मुदत आणि दर न लिहिता दिलेला शब्द तीन वर्षांनी गळ्याशी येतो. एका गावात एजंट पाहुण्याकडून किती घेतो हे घरमालकांना कळलं, ते पाहुण्याने सहज विचारलं म्हणून.

११. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, मग कृषी पर्यटनाचंही असणार ना?

नाही. आपल्या शेतातला माल विकून आलेलं उत्पन्न शेतीचं. राहण्या-जेवणाचे, शिवारफेरीचे, हुरडा पार्टीच्या तिकिटाचे पैसे हे व्यवसायाचं उत्पन्न. नावात कृषी असल्याने ते बदलत नाही. दोन वह्या ठेवा, एक शेताची, एक पाहुण्यांची. हुरडा पार्टी झाल्यावर पाहुण्याने पाच किलो ज्वारी नेली, तर ती पहिल्या वहीत. लोणचं, पापड, जॅम यांवर प्रक्रिया झालेली असते, तिथे सल्लागाराला विचारा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणीचाही प्रश्न येतो. गाव मिळून एका खात्यावर पैसे घेत असेल तर ही मर्यादा लवकर गाठली जाते, हे समित्यांच्या लक्षात येत नाही.

१२. काजव्यांच्या वेळी हजारो लोक येतात. पैसा येतो, पण आमचं रान तुडवलं जातं. याचा हिशेब कुणी करायचा?

मे अखेर ते जून, पाऊस पडायच्या आगेमागे भंडारदऱ्याच्या आसपास कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. पैसा तंबू लावणाऱ्याला, जेवण देणाऱ्याला आणि पार्किंगच्या जागेला मिळतो. किंमत मोजतो तो तिसराच. ज्याच्या बांधावरून लोक चालतात, ज्याचं भाताचं रोप टाकायचं राहतं, ज्याच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी पाहुण्यांच्या आंघोळीला जातं.

माझं मत असं की हा खर्च गावनिधीतून (प्रश्न ७) भरून द्यावाच लागेल. ज्यांच्या शेतातून वाट जाते त्यांना दरमाणशी ठरलेली रक्कम द्या, मग तेच वाट राखतील. गाड्या गावाबाहेर उभ्या करा. काजव्यांची मादी आणि अळी जमिनीलगत असतात. पायवाट सोडून केलेल्या तुडवणीने आणि हेडलाइटच्या उजेडाने पुढच्या वर्षीचा हंगामच कमी होतो. रात्री किती माणसं आत सोडायची ते गावाने ठरवावं आणि दर त्या मानाने वाढवावा. निम्मी माणसं, दुप्पट दर यात पैसा तेवढाच येतो आणि रान राहतं.

१३. आमचा सातबारा सामायिक आहे. भाऊ मुंबईला असतो. कमाईत त्याचा वाटा किती?

कोकणातून हा प्रश्न दर गणपतीनंतर येतो. जमीन आणि घर यांत त्याचा हिस्सा आहे, तो नाकारता येत नाही. पण पाहुण्यांसाठी वर्षभर राबण्याची मेहनत तुमची आहे, तिच्यात त्याचा हिस्सा नाही. दोन गोष्टी वेगळ्या करा. आधी तुमच्या घरच्यांची मजुरी आणि डागडुजी खर्चात घ्या, मग घर-जमिनीच्या वापराचं एक ठरीव भाडं काढा, आणि ते भाडं हिश्श्याप्रमाणे वाटा. नोंदणी किंवा कर्जासाठी सहहिस्सेदारांची लेखी संमती लागते, तेव्हा हे बोलणं टाळता येत नाहीच. ते मे महिन्यात, घरात सगळे असताना करा. चतुर्थीला नको. तेव्हा भाऊसुद्धा खोल्या मागतो आणि पाहुणेही.

१४. पर्यटनात शेतीपेक्षा जास्त मिळतं. मग शेती पड टाकली तर?

इटलीने १९८५ मध्ये शेती पर्यटनाचा कायदा केला तेव्हा मूळ अट ही होती की शेती मुख्य आणि पाहुणे तिला जोड. शेत पड टाकलंत तर तुमच्याकडे उरतात चार खोल्या, आणि चार खोल्या महामार्गावरच्या हॉटेलकडेही आहेत. शिवाय भाजी, दूध, धान्य बाहेरून आणावं लागलं की प्रश्न २ मधल्या पहिल्या केंद्राचा हिशेब तुमचा होतो. लॉकडाऊनमध्ये पाहुणे थांबले, तेव्हा ज्यांच्या शेतात पीक उभं होतं त्यांची चूल पेटती राहिली.

१५. मी शहरातून जाणारा पाहुणा आहे. माझे पैसे योग्य हातात जातात हे कसं ओळखू?

निघायच्या आधी फोनवर विचारा: भाजी-तांदूळ कुठला, स्वयंपाक कोण करतं, त्यांना ताटामागे किती मिळतात. अडखळत का होईना, आकडा सांगणारं गाव निवडा. गेल्यावर बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन जाऊ नका, तिथलं पाणी उकळून मागा, तिथला चिवडा खा. वाटाड्याचे पैसे वाटाड्याच्या हातात द्या. ज्या मावशींनी जेवू घातलं त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या, अर्धा किलो नाचणी का असेना, आणि भावात घासाघीस करू नका.

१६. पहिल्या वर्षी किती मिळेल, असा अंदाज सांगाल का?

सांगत नाही. अंतर, रस्ता, पाणी, घरातली माणसं यांवर तो इतका बदलतो की कुठलाही आकडा दिला तर कुणीतरी त्याच्यावर कर्ज काढेल. आहे त्या घरात, आहे त्या भांड्यांत दहा पाहुण्यांना आधी जेवू घाला. प्रश्न २ प्रमाणे दोन्ही बाजूंचा हिशेब लिहा, घरच्या बाईच्या मजुरीसकट. ती वही घेऊन मग बँकेत जा.